गालावरचा हात

माझा धंदा लोकांना पटकन कळत नाही. "मी घरोघरी जाऊन मुलांचे फोटो काढते" म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे वाढदिवसाला?" वाढदिवसाला नाही. कुठल्याही साध्या दिवशी. सकाळी दात घासायची टाळाटाळ सुरू होते तिथपासून संध्याकाळी एका मोज्यासाठी घर डोक्यावर घेतलं जातं तिथपर्यंत मी त्या घरात असते. मी कुणाला "इकडे बघ" म्हणत नाही आणि "हस" तर मेले तरी म्हणत नाही. मी येणार म्हणून लोक घर चकाचक करून ठेवतात, आणि मला आधी तो पसारा परत बाहेर काढायला लावावा लागतो. एका घरी मुलाला नवा शर्ट घालून सोफ्यावर असं बसवलं होतं की मला वाटलं, हा आता माझीच मुलाखत घेणार.

असं असताना माझ्या सख्ख्या भावाने फोन करून "ये, पण कॅमेरा आणू नकोस" म्हणावं, म्हणजे सुताराला घरी बोलावून हात तिकडेच ठेवून ये म्हणण्यासारखं होतं. मी एकाऐवजी दोन कॅमेरे घेतले.

भिंगरीचं ऑपरेशन ठरलं होतं. भिंगरी म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांची आहे आणि एका जागी टिकत नाही, म्हणून भिंगरी. तिच्या डाव्या गालावर जन्मापासून एक डाग होता. कानापासून निघून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आलेला, तपकिरी, कागदावर चहा सांडून वाळावा तशा कडांचा. त्यावर बारीक, मऊ लव होती. आणि त्या डागाच्या बरोबर मध्ये, ती हसली की, एक खळी पडायची. ती खळी आमच्या आईची. दादाला मिळाली नाही, मला मिळाली नाही, आम्हा दोघांना टांग मारून ती थेट भिंगरीच्या डागात जाऊन बसली. डॉक्टरांचं म्हणणं असं की डाग पुढे त्रास देऊ शकतो, तेव्हा आताच काढलेला बरा. तेवढी कातडी काढायची आणि तिथे दुसरी लावायची. सोमवारी डाग जाणार होता आणि त्याच्याबरोबर खळीही जाणार होती.

मी ऑपरेशनच्या विरोधात नव्हते. हे आधीच सांगते, कारण मी पोचले त्याच संध्याकाळी दादाने माझ्यावर तो आरोप केला. माझं म्हणणं एवढंच होतं की या पोरीने सहा वर्षं जो चेहरा मिरवला, त्याचा एक तरी फोटो राहायला हवा. आणि तसा एकही नव्हता.

"फोटो नाहीत म्हणे," दादा म्हणाला. "भिंती भरल्यात, दिसत नाहीत का तुला?"

दादाचं चष्म्याचं दुकान आहे आणि घर त्याच्या वरच. दुकानातून वर जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर त्याने भिंगरीचे फोटो ओळीने लावलेत. मी त्याला दंडाला धरून जिन्यात नेलं. पाळण्यातली भिंगरी, उजवा गाल. पहिल्यांदा उभी राहिलेली भिंगरी, उजवा गाल. शाळेचा पहिला दिवस, बागेतली घसरगुंडी, दुकानाच्या काउंटरवर बसून पाय हलवणारी भिंगरी, सगळीकडे उजवा गाल, नाहीतर वहिनीच्या कुशीत शिरलेली. मी आजवर इथे येऊन काढलेले फोटोही तसेच होते. कॅमेरा वर उचलला की पोरगी वळायचीच.

"बरं मग दवाखान्यात काढलेत ते?" दादा म्हणाला. "फाइलमध्ये आहेत. हवे तेवढे बघ."

ते मी पाहिले होते. एक गाल, गालाला टेकवलेली मोजपट्टी आणि डोळ्यांवर काळी पट्टी.

"दादा, त्या फोटोंत डाग आहे आणि मुलगी नाही. या भिंतीवर मुलगी आहे आणि डाग नाही. दोन्ही एकत्र असलेली आपली भिंगरी कुठे आहे ते दाखव."

तो पायरीवर बसला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. गिऱ्हाइकांना असं करू नका म्हणून तो रोज ओरडत असतो.

"हे बघ मिरचे," तो म्हणाला. लहानपणापासून त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. "शाळेत तिला काय म्हणतात ते मी तुला सांगणार नाही, कारण ते माझ्या तोंडून निघत नाही. सोमवारनंतर ते बंद होणार. दोनेक वर्षांत ती विसरून जाईल. मला तेच हवंय. आणि तू त्याचा पुरावा करून ठेवणार. उद्या मोठी झाल्यावर कुणीतरी अल्बम उघडायचं आणि म्हणायचं, अगं बाई, ही अशी होती?"

"आणि नाही ठेवला तर ती स्वतः अल्बम उघडेल. तिला कळेल की तिच्या आईबापाने तिला सहा वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं."

मी जरा जास्तच बोलले. मला ते फार छान जमतं. दादाचं तोंड इतकंसं झालं, आणि वरून वहिनी आली नसती तर तो मला त्याच पावली परत पाठवता. वहिनी दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासते, फ्रेमच्या मापाला बसवते. तिची बोटं सदा खरखरीत आणि पांढरट झालेली असतात. ती मोजकं बोलते, आणि बोलते तेव्हा दोन्ही बाजूंना गप्प बसवते.

"काढू दे तिला," वहिनी म्हणाली. "पण भिंगरीला दुखेल असं काही नको. तुमच्या अटी काय त्या सांगा आणि जेवायला चला, गार होतंय."

दादाने अटी घातल्या. तिला वळ म्हणायचं नाही. खाऊचं, खेळण्याचं आमिष दाखवायचं नाही. चोरून, लपून, झोपेत काढायचा नाही. तिने कॅमेरा बघितला पाहिजे आणि बघूनही आपणहून सरळ राहिली पाहिजे. असा फोटो मिळाला तर ठेव. नाही मिळाला तर सोमवारी विषय संपला, आणि पुन्हा उभ्या जन्मात काढायचा नाही.

"कबूल," मी म्हणाले. "झोपलेल्या मुलांचे फोटो मी तशीही काढत नाही. झोपेत सगळीच मुलं गरीब दिसतात."

दादाला वाटलं त्याने मला अडकवलं. खरं तर त्याने मला माझीच पद्धत मला सांगितली होती. माझी पद्धत अशी की पहिल्या दिवशी मी मुलांचे फोटो काढतच नाही. बादलीचा काढते, चपलांचा काढते, कपड्यांच्या ढिगाचा काढते. कॅमेरा सतत गळ्यात आणि सतत खटखट. मुलं आधी विचारतात, मग हसतात, मग कंटाळतात. कॅमेरा घरातल्या पातेल्याइतका रटाळ झाला की मगच मी मुलांकडे वळते. तोवर ती मला विसरलेली असतात.

शुक्रवारी मी त्या घरातलं काही म्हणजे काही सोडलं नाही. भिंगरी दिवसभर माझ्यामागे. "आत्या, नळाचा कशाला काढला?" "आवडला मला." "तो गळतो." "म्हणूनच आवडला." दुपारपर्यंत तिने स्वतःच मला घरातल्या बिघडलेल्या वस्तू दाखवायला सुरुवात केली. मोडका स्टूल, बंद पडलेलं घड्याळ, आणि शेवटी तिने दुपारच्या झोपेतल्या बापाकडे बोट दाखवलं. तो फोटो मी काढला नाही, अटी अटी असतात.

शनिवारी सकाळी ती माझ्याकडे बघेनाशी झाली, म्हणजे माझं काम सुरू झालं. ती दुकानात फ्रेमा घालून घालून आरशापुढे तोंडं वेंगाडत होती. दुकानात चहूकडे आरसे. त्या आरशांपुढे ती सरळ उभी राहायची, डाग, खळी, पडायला आलेला दात, सगळं मजेत न्याहाळायची. आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला की मान आपोआप वळायची. मला बघून दचकायची नाही, लाजायची नाही, खेळही थांबवायची नाही. मागून कुणी दोरी ओढावी तशी फक्त मान वळायची. हात मोकळा असेल तर हात उठायचा आणि गालावर जाऊन बसायचा. पळता पळता वळायची, तोंडात घास असताना वळायची. एकदा तर रडता रडता वळली, आणि तिकडे तोंड करून रडणं पुढे चालू ठेवलं.

मला दादाचा राग आला होता. वाटलं, यानेच शिकवलं असणार. दुपारी मी त्याला गाठलंच.

"तू सांगितलंस तिला वळायला?"

"शपथ, नाही," तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना त्याचे कान हलतात. "मी कधीच काही सांगितलं नाही. आम्ही त्या डागाबद्दल घरात बोलतच नाही."

दुपारी दुकान बंद असतं. दादा वर आडवा झाला. मी कॅमेरा पुसत दुकानातल्या बाकावर बसले होते, आणि भिंगरी काउंटरखाली तिची फौज घेऊन बसली होती. एक अस्वल, एक ससा आणि एका डोळ्याची बाहुली. तिच्या हातात चष्म्याची रिकामी डबी होती. डबी उघडून तिने डोळ्याला लावली, आणि मला कळलं की खेळ फोटोचा आहे. अस्वल माझी जागा घेणार की काय म्हणून मी गुपचूप बघत राहिले.

तिने अस्वलाला भिंतीशी बसवलं. "हलायचं नाही हं," ती म्हणाली. मग डबी उजव्या हातात धरून डावा हात पुढे नेला आणि तळवा अस्वलाच्या गालावर ठेवला. नीट, पूर्ण गाल झाकेल असा. डबी टक्कन मिटली. फोटो झाला. मग बाहुली. पुन्हा तळवा, पुन्हा टक्कन. मग सशाची पाळी आली. सशाकडे ती जरा वेळ बघत राहिली.

"तुझी आई आली नाही का?" ती सशाला म्हणाली. "बरं थांब, मीच ठेवते हात."

मी तो फोटो काढला. तिची पाठ माझ्याकडे होती, चेहरा दिसत नव्हता, म्हणून अटीत बसत नव्हता. पण काढला. आणि मग मी उठून जिन्यात गेले आणि भिंतीवरचे फोटो पुन्हा एकदा पाहिले. जिथे जिथे ती वहिनीच्या कुशीत होती, जे फोटो बघून सगळे नातेवाईक "किती गं माया" म्हणायचे, तिथे तिथे वहिनीचा तळवा पोरीच्या डाव्या गालावर होता. एकाही फोटोत डोक्यावर नाही, खांद्यावर नाही, पाठीवर नाही.

भिंगरीला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. तिच्या समजुतीप्रमाणे फोटो असाच काढतात. कॅमेरा समोर आला की आईचा हात गालावर येतो, आणि आई जवळ नसली की आपणच आपली सोय करायची.

मागे वळले तर मागच्या खोलीच्या दारात वहिनी उभी होती. हाताला भिंगाची पूड तशीच. ती कधीपासून उभी होती ते मला माहीत नाही, पण सशाचं ऐकण्याइतका वेळ नक्कीच उभी होती.

"दाखव," ती म्हणाली.

मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिने हात न लावता बघितलं.

"मला वाटायचं, मी लाड करतेय."

"लाडच करत होतीस."

"हो. पण मग हात नेमका तिथेच का जायचा?" तिने स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. "मला कुणी विचारलं असतं ना, तर मी भांडले असते. मला डाग दिसतही नाही म्हणाले असते. मी आई आहे म्हणाले असते."

तिचे डोळे भरले. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझा आवाज चढतो. "मी हा फोटो दादाला दाखवते. आत्ता उठवते त्याला."

"नको. लागेल त्याला."

"लागू दे. लागायलाच हवं."

"मिरचे," ती म्हणाली. ती मला या नावाने कधीच हाक मारत नाही. "त्याला लागून काय होणार? तो रडेल आणि उद्या पोरीसमोर कानकोंडा होऊन फिरेल. तुला फोटो हवाय की भांडण हवंय ते ठरव. मला फोटो हवाय."

एवढं बोलून ती आत गेली आणि मशीन सुरू केलं. मी बाकावर बसून राहिले. दादाला जे तीन दिवसांत जमलं नव्हतं ते या बाईने दोन वाक्यांत केलं होतं, म्हणजे मला गप्प केलं होतं.

रविवार हा शेवटचा दिवस होता. सकाळी मी भिंगरीच्या मागे मागे हिंडले आणि मला तेच ते मिळालं, उजवा गाल, उजवा गाल, गालावर हात. दादा जाता येता माझ्याकडे बघत होता. त्याला जिंकल्याचा आनंद झाला होता असंही नाही. उलट तो अस्वस्थ होता, सारखा एकच ट्रे पुसत होता. मी त्याला म्हणाले, दिवस अजून मावळला नाही. तो म्हणाला, ऊन तरी कुठे उतरलंय. हे आमचं आपसातलं बोलणं, त्यातून कुणाला काही कळायचं नाही.

दुपार टळल्यावर वहिनी गच्चीवर कपडे धूत बसली. त्या दिवशी तिने घरातल्या सगळ्या चादरी काढल्या होत्या, अगदी पाहुण्यांसाठी ठेवलेल्याही. मी कठड्याला टेकून उभी होते. भिंगरी गच्चीत गोल गोल पळत होती.

"ए भिंगरे," वहिनीने हाक मारली. "इकडे ये, चादर पिळायला मदत कर."

तिने भिंगरीला आजवर चादर पिळायला कधी घेतलं नव्हतं. भिंगरी हरखून धावली. एक टोक वहिनीच्या हातात, दुसरं भिंगरीच्या. "दोन्ही हातांनी धर. घट्ट. मी इकडे फिरवते, तू तिकडे फिरव." चादर मोठी होती, जाड, पाण्याने ओथंबलेली. वहिनीने पीळ द्यायला सुरुवात केली आणि तिकडे भिंगरी आख्खी पोरगी त्या पिळाबरोबर वाकडी व्हायला लागली. पाण्याची धार लागली. भिंगरीचे पाय ओल्या फरशीवर घसरत होते आणि ती खिदळत होती.

"सोडायचं नाही हं," वहिनी म्हणाली. "खाली पडली तर पुन्हा धुवावी लागेल."

आणि मग वहिनीने एकदा, एकदाच, माझ्याकडे बघितलं.

मी लपले नाही. चालत गेले आणि वहिनीच्या खांद्याशी, भिंगरीच्या अगदी समोर उभी राहिले. कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगरीने मला पाहिलं. तिची मान वळायला निघाली, मला ते स्पष्ट दिसलं, हनुवटी डाव्या खांद्याकडे सरकली. तिने आईच्या हातांकडे पाहिलं. ते हात यायला हवे होते, पण ते चादरीच्या टोकाला होते, पिळाने पांढरे पडलेले. तिचे स्वतःचे हातही दुसऱ्या टोकाला. हात सोडावा तर चादर खाली. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"बघतेस काय?" वहिनी म्हणाली. "ओढ की. एवढंच बळ आहे का अंगात?"

वहिनीचा आवाज हसरा होता. तिचा चेहरा मी पाहिला नाही, मी पुढे बघत होते. भिंगरीने ओठ आवळले, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी चादर अशी ओढली की वहिनी अर्धं पाऊल पुढे आली. आणि मग जिंकल्याच्या आनंदात पोरगी थेट माझ्याकडे, कॅमेऱ्यात बघून हसली. मान सरळ, चेहरा पूर्ण उघडा, केस ओले, पडायला आलेला दात तिरपा, डाग उन्हात, आणि डागाच्या मध्यभागी आमच्या आईची खळी.

मी पुन्हा पुन्हा फोटो घेत राहिले, चादरीचं पाणी संपलं तरी वहिनी पीळ देतच होती.

संध्याकाळी आम्ही सगळे खाली दुकानात होतो. माझ्या पिशवीत छोटा प्रिंटर असतो, त्यावर मी फोटो काढून घेतला आणि काउंटरवर, दादाच्या ट्रेशेजारी ठेवला. दादाने तो उचलला. बघत राहिला. मला वाटलं, आता अटींवरून वाद घालणार.

"तिने कॅमेरा बघितला होता?" त्याने विचारलं.

"मला विचारतोयस काय? तिचे डोळे बघ ना फोटोत."

"तू वळ म्हणालीस?"

"ती काही म्हणाली नाही," वहिनी म्हणाली. "चादर पिळायला मी बोलावलं होतं. तुमच्या अटींत चादरीचं काही नव्हतं."

दादा हसला नाही. तो खळीवरून अंगठा फिरवत होता. "आईची," एवढंच म्हणाला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात ती रीत नाही, म्हणून मी त्याला कोपर मारलं.

तेवढ्यात भिंगरी काउंटरवर चढली. "मला बघू," म्हणत तिने फोटो घेतला. आधी सरळ धरला, मग तिरका, मग डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"ही कोण?" ती म्हणाली.

मला वाटलं गंमत करतेय. "कोण म्हणजे? तू."

"मी नाही."

"अगं, तूच आहेस. तुझा फ्रॉक बघ. दात बघ."

"फ्रॉक माझा आहे," ती म्हणाली. "पण माझा डाग इकडे असतो. हिचा तिकडे आहे." आणि खरं काय ते आम्हाला दाखवायला ती फोटो घेऊन आरशापुढे गेली. आरशातल्या मुलीच्या चेहऱ्यावर डाग डाव्या हाताच्या बाजूला होता. शेजारी धरलेला फोटो तिने आपल्याकडे वळवून बघितला. त्यातल्या मुलीचा उजव्या हाताच्या बाजूला. "बघा," ती म्हणाली. "म्हटलं ना."

जिन्यात फोटोंची भिंत भरलेली होती, आणि या मुलीने स्वतःला फक्त आरशात पाहिलं होतं. तिला तिचा चेहरा उलटाच माहीत होता. सुलटा कुणी दाखवलाच नव्हता.

दादा काउंटरच्या मागून बाहेर आला आणि तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला. त्याने शर्टाच्या खिशातलं पेन तिला दाखवलं. "हे कुठल्या बाजूला आहे बघ. आता आरशात बघ." तिने बघितलं. "आरसा उलटं दाखवतो, बाळा. आरशात तुला तू अशी दिसतेस. आम्हाला तू या फोटोतल्यासारखी दिसतेस."

"आत्याला पण?"

"सगळ्यांना."

"रोज?"

"रोज."

तिने फोटोकडे पुन्हा बघितलं, या वेळी पुष्कळ वेळ. "मग मला का नाही दाखवली आधी?"

दादाने पेन परत खिशाला लावलं. शाळेतल्या त्या शब्दापासून, लोकांच्या नजरांपासून त्याने तिला सहा वर्षं वाचवलं होतं, जिवापाड, आणि वाचवता वाचवता तिला तिच्यापासूनही लपवलं होतं. हे त्याला त्या क्षणी कळलं, मला ते त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून दिसलं. मला आणखी काही बोलायचं राहिलं नव्हतं. पहिल्यांदाच मला जिंकल्याचं काही वाटलं नाही.

"चुकलं माझं," तो तिला म्हणाला.

तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. तिचं लक्ष फोटोत होतं. "हिच्या डागात खड्डा आहे."

"खळी आहे ती," वहिनी म्हणाली. "तुझ्या आजीची."

भिंगरी आरशात बघून हसली, खळी सापडली, फोटोशी ताडून पाहिली. पटलं असावं. मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली. सोमवारी काय होणार ते तिला सगळं समजावून सांगितलेलं होतं, आणि ती त्याला घाबरतही नव्हती. पण फोटो तिने छातीशी धरला.

"बाबा," ती म्हणाली. "डॉक्टर उद्या हिचा डाग पण काढणार?"

मी उत्तर द्यायला पुढे झाले. वहिनीने माझा दंड धरला.

"नाही," दादा म्हणाला. "तुझा काढणार. हिचा नाही. हिच्या गालाला मी कुणाला हात लावू देणार नाही."